साहेबांचं तिकीट कुठल्या वर्गाचं काढायचं?

प्रश्न असा आहे. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी साडेतीनशे माणसांची कंपनी. संस्थापकांचे चिरंजीव दोन वर्षांपूर्वी एमडी झाले. वडील आयुष्यभर इकॉनॉमीने फिरले, मुलगा दिल्लीलासुद्धा बिझनेस क्लासने जातो. आता सेल्सचे आणि क्वालिटीचे प्रमुख विचारायला लागलेत, 'मग आम्ही का नाही?' विचारणारे गृहस्थ तिथले फायनान्स हेड आहेत. वरच्या लोकांनी इकॉनॉमीने जावं की बिझनेसने, एवढंच त्यांना एका ओळीत हवंय. जोडीला दोन उपप्रश्न: विमान कंपन्या प्रवासावर देतात त्या पॉइंट्सचं काय करायचं, आणि हे एमडींना सांगायचं कसं?

एका ओळीत बसत नाही, दोन लागतील. देशातल्या देशात सगळ्यांनी इकॉनॉमीने जायचं, एमडींनीसुद्धा. आणि रात्रभराचा लांब प्रवास करून सकाळी उतरल्या उतरल्या कामाला भिडायचं असेल, तर जो जाईल त्याला बिझनेस, मग तो मशीन चालू करून द्यायला निघालेला तीस वर्षांचा सर्व्हिस इंजिनिअर का असेना.

पहिल्या ओळीवर एमडी अडतील असं तुम्हाला वाटत असणार. माझा अनुभव उलटा आहे. दुसऱ्या ओळीवर फायनान्सवालेच अडतात, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

मी १९९९ साली डेक्कनवरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत लागले, तेव्हा तिकीट म्हणजे लाल कार्बनचं पुस्तक असायचं. २००८ च्या जूनपासून कागदी तिकीट संपलं, तोवर मी एका कारखान्याच्या ॲडमिनमध्ये आले होते. दोन कंपन्यांचे ट्रॅव्हल डेस्क सांभाळले, गेली काही वर्षं दुसऱ्या कंपन्यांच्या प्रवासाच्या पॉलिसी दुरुस्त करून देते. म्हणजे साहेबांच्या तिकिटावरून होणारी भांडणं पंचवीस वर्षं जवळून बघितली आहेत. त्यातलं एकही खऱ्या अर्थाने पैशाचं नव्हतं.

हुद्द्याप्रमाणे वर्ग ही पद्धत आपल्याकडे सरकारातून आली. केंद्राचा सध्याचा नियम जुलै २०१७ चा आहे. त्यात देशांतर्गत प्रवासाला वेतनस्तर १४ आणि त्यावरच्यांना बिझनेस, बाकी ज्यांना विमान मंजूर आहे त्यांना इकॉनॉमी. परदेशी जाताना स्तर १७ आणि वर फर्स्ट, १४ ते १६ बिझनेस, १३ पर्यंत इकॉनॉमी. त्यातली फर्स्टची पात्रता तशी कागदावरचीच, कारण काटकसरीच्या सूचनांत २०१४ सालीच 'फर्स्ट क्लासचं बुकिंग करू नये' असं अर्थखात्याने लिहून ठेवलं होतं. सरकारात हे चालतं, कारण तिथे कोण कुठल्या स्तरावर आहे याबद्दल वाद नसतो. आपल्या कारखान्यांनी तोच तक्ता उचलला आणि 'वेतनस्तर' खोडून 'ग्रेड' लिहिलं. मग काय होतं? जनरल मॅनेजर नेमताना तो पगाराबरोबर सीटही मागून घेतो. ती सीटीसीत, म्हणजे वर्षाच्या एकूण पगाराच्या आकड्यात, दिसत नाही, पण असते. पुढच्या वर्षी शेजारच्या केबिनमधला ती मागतो. तुमच्या क्वालिटी हेडना दिल्लीच्या विमानात पाय पसरायचे आहेत असं मला वाटत नाही. आपण सेल्सवाल्यापेक्षा खाली नाही, एवढं त्यांना कागदावर हवंय.

म्हणून पॉलिसीतून ग्रेड हा शब्दच काढून टाका. वर्ग प्रवासाला चिकटवा, माणसाला नको.

देशांतर्गतचं आधी उरकते, कारण त्यात फार काही नाही. पुणे-दिल्ली विमान दोन-सव्वादोन तास उडतं. चाकणहून लोहगावच्या विमानतळावर संध्याकाळी पोचायला कधीकधी तेवढेच लागतात, आणि त्या गाडीला कोणी बिझनेस क्लास मागत नाही! पुढच्या दोन-तीन रांगांत मिळतं काय, तर रुंद खुर्ची, गरम जेवण, लाउंज आणि लवकर आलेली बॅग. चांगलं आहे, पण त्याने दिल्लीतली मीटिंग सुधारत नाही. याला सगळ्यात मोठा पुरावा इंडिगोचा. २००६ साली सुरू झालेल्या या कंपनीकडे २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत बिझनेस क्लासच नव्हता. पहिल्यांदा तो दिल्ली-मुंबई मार्गावर आला. मधल्या अठरा वर्षांत ती देशातली सगळ्यात मोठी विमान कंपनी झाली आणि अर्ध्याहून जास्त प्रवासी तिच्याकडे गेले. त्यांत बँकांचे, औषध कंपन्यांचे, गाड्यांच्या कारखान्यांचे वरिष्ठ होतेच. पहाटे सहाचं विमान वेळेत सुटतं आणि संध्याकाळी परतीचं मिळतं, म्हणून सगळे निमूट मधल्या रांगांत बसले. साहेब लोकांनी स्वतःच्याच पायांनी मत दिलं होतं: जवळच्या प्रवासात खुर्चीपेक्षा वेळापत्रक मोठं.

तेव्हा पैसे तिथेच घाला. थेट विमान, सोयीची वेळ, तारीख बदलता येणारं भाडं, पुढच्या रांगेतली किंवा एक्झिटची कडेची सीट. हे सगळं मिळून बिझनेसच्या फरकाच्या चौथाईतही बसत नाही. बऱ्याच कंपन्यांत मी उलटं बघते. डायरेक्टरना बिझनेस, आणि सेल्सच्या पोराला सातशे रुपये वाचवायला हैदराबादमार्गे चेन्नई. तो पोहोचतो दुपारी दोनला, आणि ग्राहकाचा परचेस हेड तोवर जेवून घरी जायच्या मूडमध्ये.

फायनान्सचे आहात म्हणून जीएसटीचा मुद्दा इथेच घालते. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर ५ टक्केच राहिला, बाकी वर्गांवरचा १२ चा १८ झाला. प्रीमियम इकॉनॉमीही 'बाकी'तच येते, नावाला फसू नका. ही वाढ दाखवून बिझनेस बंद करा असं काहीजण सुचवतात. ते तुमच्या बाबतीत लंगडं आहे. तुम्ही नोंदणीकृत उत्पादक. तिकीट काढताना कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकला आणि विमान कंपनीचं इनव्हॉइस तुमच्या जीएसटी विवरणपत्रात दिसलं, की भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. १८ टक्के खरोखर खिशातून जातात ते हॉस्पिटलांचे, शाळांचे, संस्थांचे. तुमचं नुकसान वेगळ्या जागी होत असणार: साहेबांच्या सेक्रेटरीने मोबाइलवर स्वतःच्या नावाने काढलेल्या तिकिटांत क्रमांकच नसतो. मागच्या वर्षीची काढून बघा.

आता मोठ्या माणसाने छोट्या खुर्चीत बसण्याचा देखावा. सप्टेंबर २००९ आठवतो का? मंदीचं वर्ष, त्यात पाऊस दगा दिलेला, अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी मंत्र्यांना इकॉनॉमीने फिरायला सांगितलं. सोनिया गांधी दिल्लीहून मुंबईला इकॉनॉमीने आल्या, दुसऱ्या दिवशी राहुल गांधी शताब्दीने लुधियानाला गेले. त्याच आठवड्यात परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी ट्विटरवर इकॉनॉमीला 'कॅटल क्लास' म्हटलं आणि गदारोळ झाला. शब्द मुळात प्रश्न विचारणाऱ्याचा होता, थरूरांनी तो गमतीत उचलला. पण लोकांना राग शब्दाचा आला नव्हता. इकॉनॉमीने जाणं हा त्याग म्हणून मांडला जात होता, आणि तो त्याग ज्या लोकांबरोबर बसून करायचा ती माणसं रोज तिथेच बसत होती. त्यामुळे तुमच्या एमडींनी उद्या इकॉनॉमीने गेल्यावर एचआरने त्याचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकू नये, ही कळकळीची विनंती.

त्याच्या आदल्या वर्षीचा अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा प्रसंग मात्र खरोखर शिकण्यासारखा, आणि तुमच्याच धंद्यातला. नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरचे प्रमुख वॉशिंग्टनला सरकारकडे २५ अब्ज डॉलरची मदत मागायला गेले, आणि तिघेही आपापल्या कंपनीच्या खासगी जेटने. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या समितीत त्यांना त्यावरूनच झोडपलं. डिसेंबरात पुन्हा यायचं होतं, तेव्हा तिघेही डेट्रॉइटहून आठशेहून जास्त किलोमीटर मोटारीने आले. जेटचा खर्च त्या कंपन्यांच्या तोट्यापुढे किस झाड की पत्ती होता. पण हात पसरताना अंगावर काय आहे ते समोरचा बघतोच. तुम्ही ज्या महिन्यात सप्लायरचं पेमेंट साठ दिवसांवरून नव्वदवर नेता, त्या महिन्यात एमडींचं बिझनेसचं बोर्डिंग पास त्याच सप्लायरने विमानात बघितलं, तर त्याचे पुढचे दर काय येतील?

आणि सप्लायर सोडा, आपली माणसं बघतात. एकदा एका कंपनीचे पाच जण चेन्नईला मोठ्या ग्राहकाकडे दरकपातीच्या बोलणीला निघाले होते. डायरेक्टर पहिल्या रांगेत, बाकी चौघे विसावी-एकविसावी. आदल्या रात्री कॉस्टिंगमध्ये चूक सापडली होती आणि विमानात बसून आकडे परत लावायचे ठरलं होतं. लावले चौघांनी. डायरेक्टर साहेबांना ते टॅक्सीत कळले, तेही अर्धवट. बोलणीत त्यांनी जुनाच आकडा फेकला. दोन वर्गांमधला पडदा पातळ असतो, पण त्याच्या पलीकडे जायला हवाई सुंदरी देत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, बाईंचा कल साधेपणाकडे दिसतोय. नाही हो. साधेपणाने केलेलं नुकसान मी उधळपट्टीपेक्षा जास्त बघितलंय, फक्त ते कुठल्या व्हाउचरवर येत नाही.

दुसऱ्या एका कारखान्याचे संस्थापक तुमच्या जुन्या साहेबांसारखेच होते. त्रेसष्टाव्या वर्षीही दोन थांबे घेत इकॉनॉमीने युरोपात जायचे, येताना पाय सुजलेले. त्यांना खरंच काही वाटायचं नाही. पण 'साहेब इकॉनॉमीने जातात' हे वाक्य खाली आलं की त्याची छडी व्हायची. साहेब जातात तर तू कोण? मग इंजिनिअरांना नऊ-दहा हजार वाचवायला तीन तिकिटं जोडून पाठवायचं. एकदा मेक्सिकोतल्या ग्राहकाकडून फोन आला, लाइन बंद आहे, माणूस पाठवा. आम्ही पाठवला. मीच तिकीट काढलं होतं, त्या वेळचं सगळ्यात स्वस्त. घरातून निघाल्यापासून पस्तीस तासांनी तो प्लांटच्या दारात उभा होता, आणि थेट मशीनवर गेला. पॅरामीटर चुकीचा टाकला, मशीनचा फिरता दांडा, स्पिंडल, आपटला. दुरुस्ती, हवाई मार्गाने पाठवलेला भाग आणि ग्राहकाची डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून कापलेली भरपाई, मिळून जे झालं, त्यात त्याला चार वेळा बिझनेसने पाठवता आलं असतं. मीटिंगमध्ये चूक त्याच्या नावावर लागली. माझ्या नावावर कोणी लावली नाही, तिकिटावर बुकिंग करणाऱ्याची सही नसते.

तेव्हापासून मी प्रवास तासांत मोजते. तेही विमानाच्या तासांत नाही, दारापासून दारापर्यंत.

हे आपल्या भागाला फार लागू आहे. मुंबईत राहणाऱ्याला फ्रँकफर्ट नऊ तासांचं वाटतं. चाकणवाल्याचं गणित असं: घर ते मुंबई विमानतळ चार तास, घाटात ट्रक आडवा झाला तर सहा. विमानाआधी तीन. उड्डाण नऊ. उतरल्यावर इमिग्रेशन, बॅग आणि ग्राहकाच्या गावापर्यंतची गाडी मिळून तीन. झाले एकोणीस, आणि त्यात अख्खी रात्र गेली. कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांचा आकडा याहून मोठा. २००८ साली लुफ्तान्साने पुण्याहून फ्रँकफर्टला छोट्या विमानाची थेट सेवा चालू केली होती, ती याच हिशेबावर. पिंपरी-चाकण पट्ट्यात जर्मन कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार दाटलेले, त्यांना एक्स्प्रेसवेवरची रात्र वाचवायची होती. ती सेवा बंद झाली तेव्हा माझ्याकडे आलेल्या तक्रारींत खुर्चीची एकही नव्हती.

तासांवर वर्ग ठरवणं हा काही माझा शोध नाही. अमेरिकेच्या सरकारी प्रवास नियमांत १४ तासांहून लांब प्रवास असेल आणि पोचल्यावर विश्रांती न घेता कामावर हजर व्हायचं असेल, तर बिझनेस क्लास मंजूर करता येतो. हुद्दा विचारत नाहीत. मी पुणे पट्ट्यातल्या कंपन्यांना दारापासून सोळा तासांची रेषा सुचवते. त्याने दुबई आणि सिंगापूर खाली राहतात, युरोप आणि अमेरिका वर जातात. सिंगापूर रात्रीचं असतं, झोपेचं खोबरं होतं, मान्य. रेषा कुठेतरी मारावीच लागते.

पण सोळा तास झाले की आपोआप बिझनेस, असं मात्र लिहू नका. आधी विचारायचं: एक दिवस आधी जाता येईल का? तुमच्यासाठी उदाहरणापुरते आकडे मांडते, भाडी रोज बदलतात. इकॉनॉमीचं जाऊन-येऊन पाऊण लाख आणि बिझनेसचं पावणेतीन लाख धरा. फरक दोन लाखांचा. एक दिवस आधी पोचवलं तर हॉटेलची रात्र आणि जेवण पंधरा-वीस हजार, अधिक त्या माणसाचा एका दिवसाचा पगार. इंजिनिअरच्या बाबतीत आधी पाठवणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं, आणि त्यालाही आवडतं, गाव बघून होतं. प्रश्न येतो तो तारीख आपल्या हातात नसते तेव्हा. लाइन बंद पडली की ग्राहक 'परवा या' म्हणत नाही. तिथे बिझनेस, एका शब्दाने विचारायचं नाही.

आणि इथेच एमडींच्या बाजूचा खरा मुद्दा येतो. त्यांचा एक दिवस महाग आहे. ते एक दिवस आधी जाऊन हॉटेलात झोपले तर इथे चाकणला दोन निर्णय अडतात. त्यामुळे हाच नियम लावला तरी वर्षाअखेरीला परदेशी प्रवासात सगळ्यात जास्त बिझनेसची तिकिटं त्यांचीच निघतील. निघू देत. नियम सगळ्यांना एक असला की निकाल वेगळा आला तरी माणसं समजून घेतात. दिल्लीच्या बिझनेस क्लासचं समर्थन या हिशेबात कुठेच बसत नाही, एवढंच.

परतीचा वेगळा विचार करा. जाताना आडवं, येताना बसून, असं मी म्हणते. एकाच तिकिटावर जाण्याचा वर्ग वेगळा आणि येण्याचा वेगळा ठेवता येतो. एजंट कंटाळा करतो, त्याला करायला लावा. येताना प्रीमियम इकॉनॉमी, आणि उतरल्याच्या दिवशी सुट्टी, लेखी. ही सुट्टी एमडींनी स्वतः घेतली तरच खालचे घेतील. सकाळी सहाला मुंबईत उतरून अकराला प्लांटमध्ये राऊंड मारणारा साहेब मला मुळीच कौतुकाचा वाटत नाही.

तब्येतीचा मुद्दा लोक चुकीच्या टोकाने धरतात. पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका चार तासांहून लांब प्रवासात साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. तरीही तो लहानच, सहा हजारांत एक असा. कारण आहे तासन्‌तास न हलणं, म्हणून तो बसमध्ये आणि गाडीतही असतो. महागड्या खुर्चीत झोपून राहिलात तरी उठून चालावं लागतंच. केबिनमधला दाबही पुढे-मागे सारखाच, समुद्रसपाटीपासून सहा-आठ हजार फुटांवर असावा तसा. बिझनेसमध्ये विकत मिळते ती झोप. झोपेची गरज नसेल तर पैसे कशाचे? मात्र गुडघ्याची शस्त्रक्रिया, गरोदरपण, पाठीचा जुना आजार, सहा फुटांवरची उंची, यांना वेगळी वाट हवी. कागद फक्त कंपनीच्या डॉक्टरांनी बघायचा आणि 'मंजूर' एवढंच खाली लिहायचं. मूळव्याधीचं कारण सेल्स हेडला अप्रूव्हलच्या ईमेलमध्ये टाइप करायला लावणारी कंपनी मी बघितली आहे.

गोपनीयतेचं कारण एमडी नक्की पुढे करतील, 'विमानात काम करतो, शेजारी कोण असेल सांगता येत नाही.' खरं आहे. सोमवारी पहाटेच्या पुणे-दिल्ली विमानात अर्धं एमआयडीसी असतं. मी स्वतः शेजारच्याच्या लॅपटॉपवर एका स्पर्धकाचं अख्खं कोटेशन वाचलंय, वाचायचं नसूनही. पण बिझनेसमध्ये शेजारी बसणारा तर स्पर्धकाचा एमडीच असायचा! स्क्रीनला लावायची काळी फिल्म दोन-तीन हजारांत मिळते.

त्यापेक्षा एका गोष्टीकडे लक्ष द्या, जी तुमच्या प्रश्नात नाही. एमडी, त्यांचे वडील आणि तुम्ही, असे तिघे एकाच विमानाने जाता का? कौटुंबिक कंपन्यांत सर्रास जातात. सह्या करणारे सगळे एकाच विमानात नकोत. ही ओळ पॉलिसीत वर्गाच्या आधी यायला हवी.

युरोपातले ग्राहक हल्ली प्रवासाच्या कार्बनचेही आकडे मागतात. आज नसतील मागत तर मागतील. ब्रिटिश सरकारच्या मोजणीच्या तक्त्यात लांबच्या प्रवासाला बिझनेसची सीट इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट धरतात, कारण ती जागा तेवढी खाते. एवढं ठाऊक असू द्या. याच कारणासाठी पॉलिसी बदला, असं मी म्हणणार नाही.

आता अपवाद. पॉलिसी मरते ती अपवादांनी, आणि तेही बोलून दिलेल्या. 'या वेळेपुरतं' असं फोनवर सांगितलेलं. अपवाद द्या, पण वहीत लिहा: कोण, कुठे, किती तास, कारण काय, फरक किती रुपये. स्वतःचा अपवाद कोणी स्वतः मंजूर करायचा नाही. एमडींचा चेअरमननी, म्हणजे वडिलांनी. दर तिमाहीला ती यादी सगळ्या विभागप्रमुखांसमोर ठेवायची, नुसती ठेवायची, चर्चा नको. दुसऱ्या तिमाहीतच ती लहान होते.

पॉइंट्स. ज्याच्या नावावर जमा होतात त्याचे राहू द्या. ते कंपनीच्या खात्यात ओढायचा खटाटोप मी एकदा केला, त्याच्या हिशेबाला एक माणूस लागला. स्वतःच्या पॉइंट्सवर कोणी अपग्रेड घेतलं तर हरकत नाही. अट एकच: पूर्ण टीम त्याच विमानात असेल तर घ्यायचं नाही. आणि तिकीट काढताना ट्रॅव्हल डेस्कनेच विमान निवडायचं, नाहीतर माणसं पॉइंट्ससाठी बारा हजार महाग तिकीट 'वेळ सोयीची' म्हणून मागतात.

सोबत पत्नी येत असेल तर तिचं तिकीट वैयक्तिक कार्डावर, वेगळ्या बुकिंगवर. कंपनीने भरलं तर ते एमडींच्या हाती पडलेलं पर्क्विझिट, म्हणजे पगारावरचा लाभ. धंद्याचा खर्च म्हणून ते आयकराच्या असेसमेंटमध्ये टिकवताना तुमचाच घाम निघेल.

राहिलं एमडींना सांगणं. पॉलिसीचा मसुदा घेऊन जाऊ नका. त्यांना तुमच्यात साहेबांचा खर्च कापायला आलेला हिशेबनीस दिसेल. आणि 'तुमचे वडील इकॉनॉमीने जायचे' हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका. ते त्यांनी घरी पुष्कळ ऐकलेलं असतं. मागच्या बारा महिन्यांची सगळ्यांची तिकिटं एका पानावर काढा. नावाच्या क्रमाने नको, दारापासून दारापर्यंतच्या तासांच्या क्रमाने. सगळ्यात वर सर्वांत लांबचा प्रवास, समोर वर्ग, आणि उतरल्यावर किती तासांनी काम सुरू झालं. मी असं पान तीन कंपन्यांत ठेवलंय. तिन्ही ठिकाणी पानाच्या वरच्या टोकाला इंजिनिअर इकॉनॉमीत होते आणि खालच्या टोकाला दिल्ली-चेन्नईचे बिझनेस. एका एमडींनी पान उलटसुलट करून विचारलं, हा वरचा मुलगा कोण? बाकी काही बोलले नाहीत. दुसऱ्यांनी दोन महिने फाइल अडवून ठेवली. तिसरे म्हणाले, दिल्ली माझ्या पैशाने जाईन, आणि खरोखर जातात. त्यालाही माझी हरकत नाही, कंपनीच्या वहीत येत नाही.

एक बारीक गोष्ट. नवा नियम १ एप्रिलपासून लावा, आणि आधी निघालेली तिकिटं रद्द करायच्या भानगडीत पडू नका. उत्साहाच्या भरात मी एकदा सात तिकिटं रद्द करून खालच्या वर्गात काढली होती. रद्द करण्याचे पैसे आणि आयत्या वेळचं भाडं मिळून ती मूळच्या बिझनेसपेक्षा एकवीस हजारांनी महाग पडली.